वनस्पतिशास्त्रज्ञांच्या यादीत आपली माणसं का दिसत नाहीत?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहात. कॉलेजच्या अंकासाठी थोर वनस्पतिशास्त्रज्ञांवर लेखमाला लिहायची आहे. यादी केली तर थिओफ्रास्टस, लिनियस, रॉक्सबर्ग, हुकर, मेंडेल अशी सगळी युरोपीय नावं निघाली. सरांनी विचारलं, 'आपल्याकडे कुणीच नव्हतं का?' तेव्हा उत्तर सुचेना. आता तुम्हाला दोन गोष्टी हव्यात: या प्रश्नाचं खरं उत्तर, आणि चरित्रांसाठी विश्वासार्ह माहिती कुठून काढायची ते.

माझं काम हर्बेरियममधलं आहे. वाळवलेल्या वनस्पतींच्या शीट, त्यांवरची लेबलं आणि जुनी हस्ताक्षरं यांत माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे मी तिथूनच सांगतो. मेंडेल आणि आनुवंशिकीची वाट वेगळी आहे, ती इथे घेत नाही.

आधी हे पाहा की तुमची यादी कशावरून तयार झाली. पाठ्यपुस्तकात जी नावं येतात, ती बहुतेक वनस्पतीच्या शास्त्रीय नावापुढे लागणारी नावं असतात. ते नाव शोधणाऱ्याचं नसतं, ओळखणाऱ्याचं नसतं, चित्र काढणाऱ्याचंही नसतं. नियमाप्रमाणे वनस्पतीचं शास्त्रीय नाव वर्णनासह पहिल्यांदा छापणाऱ्याचं ते असतं. नियम म्हणून हे ठीकच आहे, नाहीतर एका झाडाला दहा नावं होऊन गोंधळ माजेल. पण या नियमावरून इतिहास लिहायला बसलं की छापखाना ज्याच्या हाताशी, तोच थोर ठरतो.

अर्जुन वृक्षाचं उदाहरण घ्या. टर्मिनालिया अर्जुना या नावापुढे कंसात रॉक्सबर्ग आणि डी कॅन्डोल येतात, कंसाबाहेर वाइट आणि आर्नॉट. म्हणजे नाव सुचवलं रॉक्सबर्गने, वर्णनासह प्रसिद्ध केलं डी कॅन्डोलने १८२८ साली, आणि १८३४ साली वाइट व आर्नॉट यांनी ही जाती (स्पीशीज) टर्मिनालिया या प्रजातीत (जीनसमध्ये) आणली. या चौघांपैकी भारतात काम केलं ते रॉक्सबर्ग आणि वाइट यांनी. डी कॅन्डोल जिनिव्हाचा, आर्नॉट स्कॉटलंडमधला. दोघांनीही हे झाड नदीकाठी उभं असलेलं कधी पाहिलं नाही. हृदयाच्या विकारांवर अर्जुनाची साल वापरणारे वैद्य आपल्याकडे कितीतरी आधीपासून होते, पण नावापुढच्या जागेत त्यांना शिरायला वाटच नाही.

म्हणून माझा सल्ला असा की माणसांची यादी बाजूला ठेवा आणि एखाद्या वनस्पतीपासून सुरुवात करा. तिचा कागदोपत्री माग काढत मागे गेलात की माणसं आपोआप भेटत जातात. मी कंदीलपुष्प सुचवेन. आपल्याकडे त्याला खरपुडी म्हणतात, शास्त्रीय प्रजाती सेरोपेजिया. सह्याद्रीत तिच्या अनेक जाती आहेत आणि त्यांतल्या काही जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.

सेरोपेजिया ही प्रजाती लिनियसने १७५३ साली प्रस्थापित केली. तिच्यातल्या सेरोपेजिया कँडेलाब्रम या जातीचा नमुना त्याच्याकडे नव्हता. त्याच्यासमोर होतं एक चित्र, 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथाच्या नवव्या खंडातलं. आजही त्या जातीचा टाइप, म्हणजे ज्यावरून नाव पक्कं ठरतं तो आधार, हे चित्रच आहे. लिनियस भारतात कधी आलाच नाही. भारतीय वनस्पतींना त्याने दिलेल्या कितीतरी नावांमागे याच ग्रंथातली चित्रं आहेत. मग हा ग्रंथ कुणी केला, हा पुढचा प्रश्न.

इथे थोडं थांबू, कारण तुमच्या सरांच्या प्रश्नाचं सगळ्यात भरीव उत्तर इथे आहे. ग्रंथावर नाव आहे हेंड्रिक व्हान ऱ्हीडचं. हा डच कंपनीचा अधिकारी, १६७० ते १६७७ या काळात कोचीला मलबारचा कमांडर होता. पेशाने सैनिक आणि प्रशासक. वनस्पतींचं रीतसर शिक्षण त्याला नव्हतं. पण माणसं जमवून त्यांच्याकडून काम करवून घ्यायची त्याची ताकद मोठी होती. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला या ग्रंथाचे बारा खंड छापले गेले. त्यांत सुमारे ७४० वनस्पती आहेत. काही खंड त्याच्या मृत्यूनंतर निघाले.

माहिती आली ती मुख्यतः इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याकडून. हा एळवा समाजातला, परंपरेने वैद्यकी करणाऱ्या घराण्यातला. कोणती वनस्पती कुठे मिळते, केव्हा फुलते, कशावर चालते हे तो सांगायचा. ते मल्याळममधून पोर्तुगीजमध्ये आणि तिथून लॅटिनमध्ये जायचं. त्याच्याबरोबर तीन कोकणी वैद्य होते: रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. हे गौड सारस्वत समाजातले. पोर्तुगीज काळात गोव्याहून जी कुटुंबं कोचीकडे गेली, त्या वस्तीतले. निघंटूचा, म्हणजे औषधी वनस्पतींच्या जुन्या कोशाचा, आधार घेऊन आणि वनस्पती प्रत्यक्ष पाहून त्यांनी माहिती पडताळली.

हे आपल्याला ठाऊक आहे, कारण ऱ्हीडने ते लपवलं नाही. पहिल्या खंडाच्या आरंभी अच्युतनचं निवेदन त्याच्याच लिपीत छापलं आहे, आणि या तिघा वैद्यांचं निवेदन कोकणीत, देवनागरी अक्षरांत. दोन्हींवर १६७५ सालच्या एप्रिलची तारीख आहे. चित्रांवरही वनस्पतींची नावं रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरी अशा लिप्यांत कोरली आहेत. ॲम्स्टरडॅमच्या छापखान्यात, शिवाजी महाराजांच्या हयातीत, नागरी अक्षरं उमटली ती वनस्पतींच्या निमित्ताने. ते पान विद्यार्थ्यांना दाखवताना मला आजही आनंद होतो.

या ग्रंथातल्या वनस्पतींची आजच्या नावांशी सांगड घालून तो इंग्रजीत आणण्याचं काम के. एस. मणिलाल या केरळच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने केलं. त्यात त्यांचं बहुतेक आयुष्य गेलं. इंग्रजी आवृत्ती २००३ साली आली, मल्याळम २००८ साली. तुमच्या मालिकेतला एक लेख त्यांच्यावर असायलाच हवा.

गोव्याचा विषय निघालाच आहे, तर गार्सिया द ओर्ता. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि १५६३ साली त्याचा भारतीय औषधींवरचा ग्रंथ गोव्यातच छापला गेला. तो संवादरूपात आहे. रुआनो नावाचा पाहुणा प्रश्न विचारतो, ओर्ता उत्तरं देतो, आणि मध्येच अंतोनिया ही घरातली दासी बागेतून नमुने आणून देते. हिंदू वैद्यांकडून काय कळलं तेही तो सांगतो. ओर्ताचं घराणं सक्तीने धर्मांतरित झालेल्या ज्यूंचं. त्याच्या मृत्यूनंतर बहिणीला इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जाळलं आणि १५८० साली त्याचे स्वतःचे अवशेष उकरून जाळले. त्याच्यावर लिहाल तर ही बाजू गाळू नका. आणखी एक सावधगिरी: कोकमाची प्रजाती गार्सिनिया हिला ओर्ताचं नाव दिलं आहे असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. ते चूक आहे. ते नाव लॉरेंट गार्सिन या दुसऱ्याच वनस्पतिशास्त्रज्ञावरून आलं आहे.

आता चित्रकार. विल्यम रॉक्सबर्ग १७९३ पासून कलकत्त्याच्या बागेचा प्रमुख होता. त्याने भारतीय चित्रकारांकडून अडीच हजारांहून अधिक चित्रं करून घेतली. आमच्या कामात ही चित्रं अजूनही पुराव्यासारखी वापरली जातात, कारण रॉक्सबर्गच्या अनेक जातींचा नमुना सापडत नाही तेव्हा चित्रच हाताशी असतं. परागकोश कुठे चिकटला आहे, बीजांड कसं लटकलं आहे, हे ज्याने भिंगाखाली पाहून रंगवलं, त्याला मी तरी वनस्पतिशास्त्रज्ञच म्हणेन. या चित्रकारांची नावं मात्र बहुतेक चित्रांवर नाहीत.

मद्रासकडे रॉबर्ट वाइट थोडा वेगळा निघाला. रंगय्या आणि गोविंदू या त्याच्या चित्रकारांची नावं त्याने छापील चित्रांखाली दिली. एवढंच नाही, ऑर्किडच्या एका प्रजातीला गोविंदूवरून नाव दिलं. पुढे ती प्रजाती दुसऱ्या प्रजातीत विलीन झाली, त्यामुळे ते नाव आता वापरात नाही. आपल्या दापुरीच्या बागेतली चित्रंही पाहा. पुण्याजवळच्या या सरकारी बागेचा प्रमुख अलेक्झांडर गिब्सन होता. तोच पुढे मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. १८४७ ते १८५० च्या सुमारास त्याने करवून घेतलेली सुंदर चित्रं आज एडिनबराच्या वनस्पती उद्यानात आहेत. त्या चित्रकाराचं नाव नोंदलेलं नाही.

गिब्सनवरून निकोल डाल्झेलकडे येऊ. या दोघांनी मिळून १८६१ साली मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ काढला. शिवनेरीच्या कड्यांवर वाढणारी शिंदळ माकुडी तुम्ही ऐकली असेल. तिचं शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका डाल्झेलने दिलं, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून. जुन्नरच्या ज्या माणसांनी तिचं मराठी नाव ठेवलं, त्यांना या व्यवहारात कुणी विचारलं नाही.

थिओडोर कुकचा 'फ्लोरा' मात्र नीट समजून घ्या, कारण महाराष्ट्रात टॅक्सॉनॉमी, म्हणजे वनस्पतींचं वर्गीकरण, करणाऱ्याचं त्यावाचून पान हलत नाही. कुक मूळचा स्थापत्य अभियंता, पुण्याच्या सायन्स कॉलेजचा प्राचार्य. १८९१ पासून पश्चिम भारताच्या वनस्पती सर्वेक्षणाचं काम त्याच्याकडे आलं. निवृत्तीनंतर तो लंडनजवळच्या क्यू वनस्पती उद्यानात बसला आणि १९०१ ते १९०८ या काळात ग्रंथ भागाभागाने काढला. त्यातल्या कुठल्याही जातीचं वर्णन उघडा. शेवटी ठिकाणं येतात आणि ठिकाणापुढे तिथून नमुना गोळा करणाऱ्याचं नाव: वुड्रो, कानिटकर, भिवा. नावापुढे उद्गारचिन्ह असतं. त्याचा अर्थ आश्चर्य नाही. 'हा नमुना मी स्वतः पाहिला आहे' अशी ती लेखकाची ग्वाही असते.

वुड्रो पुण्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा आणि गणेशखिंडीची बाग सांभाळायचा. कानिटकरांना आडनाव तरी मिळालं. भिवा मात्र नुसता भिवा. पण त्याचं नाव ग्रंथात पानोपानी आहे, त्याने आणलेल्या शीट पुण्याच्या बॉटॅनिकल सर्व्हेच्या (भारत सरकारच्या वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या) हर्बेरियममध्ये आहेत, आणि एखादी दुर्मीळ जाती शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुठे होती याचा आमचा पुरावा कधीकधी त्याच्या हातचा असतो. घाटात चढून नेमक्या फुलोऱ्याच्या आठवड्यात झाड गाठणं, ते दाबून, बुरशी न येता पावसाळ्यात वाळवणं, हे कौशल्याचं काम आहे. क्यूमधल्या टेबलावर बसून वर्णन लिहिण्याइतकंच ते मोलाचं आहे. कुकच्या ग्रंथात त्याचं नाव छापलं गेलं म्हणून निदान एवढं तरी सांगता येतं.

अशा माणसाचं चरित्र लिहिता येणार नाही, आणि ओढूनताणून लिहूही नका. जन्म कुठला, घर कुठलं, हे कल्पनेने भरलंत तर लेख खोटा होईल. त्याने काय, कुठे, केव्हा गोळा केलं याची यादी करा. तेवढ्यावर एक चांगला परिच्छेद होतो.

पुन्हा कंदीलपुष्पाकडे. विसाव्या शतकात चित्र बदलतं, ते याच प्रजातीत दिसतं. सेरोपेजिया लॉई हे नाव हुकरने दिलं, मुंबई इलाख्यातला मुलकी अधिकारी लॉ याच्या सन्मानार्थ. सेरोपेजिया इव्हान्साय हे मॅक्कॅनने दिलं. चार्ल्स मॅक्कॅन हा एथेलबर्ट ब्लॅटर यांचा सहकारी, आणि ब्लॅटर हे सेंट झेवियर्स कॉलेजातले स्विस जेझुइट. १९०६ साली सुरू झालेलं तिथलं हर्बेरियम आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. मग सेरोपेजिया ह्युबेराय येते अन्सारींच्या नावाने, आणि सेरोपेजिया रोले हेमाद्रींच्या. हे दोघे पुण्याच्या बॉटॅनिकल सर्व्हेतले. अन्सारींनी या प्रजातीचा सबंध भारतापुरता अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध केला. एकाच प्रजातीच्या नावांत लिनियसपासून पुण्यातल्या अभ्यासकांपर्यंतचा पल्ला दिसतो, आणि मुळाशी आहेत मलबारचा एक वैद्य व तीन कोकणी वैद्य.

तुमच्या यादीची दुसरी अडचण म्हणजे नावांना चिकटून राहिलं की ज्यांचं काम नावं देण्याचं नव्हतंच, ते हरवतात. जानकी अम्मल यांचं नाव किती झाडांपुढे दिसेल? जवळजवळ नाहीच. त्यांचं क्षेत्र गुणसूत्रांचं. तेल्लिचेरीला १८९७ साली जन्म, १९३१ साली मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट, मग कोइम्बतूरला उसाच्या संकरांवर काम. युद्धकाळात त्या इंग्लंडमध्ये होत्या. डार्लिंग्टन यांच्याबरोबर त्यांनी लागवडीतल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश १९४५ साली काढला. १९५१ साली पंडित नेहरूंच्या बोलावण्यावरून त्या परतल्या आणि बॉटॅनिकल सर्व्हेच्या पुनर्रचनेचं काम त्यांच्याकडे आलं. केरळमधलं सायलेंट व्हॅलीचं जंगल वाचवण्याच्या लढ्यात त्या ऐंशीच्या घरात असताना उतरल्या होत्या.

शंकर पुरुषोत्तम आघारकरांचंही तसंच. मालवणचा माणूस. सह्याद्रीतल्या नद्यांत गोड्या पाण्यातला जेलीफिश शोधून त्यांनी प्राणिशास्त्रज्ञांचं लक्ष वेधलं, मग कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. पहिल्या महायुद्धात ते जर्मनीत अडकले, तिथे नजरकैद भोगली आणि बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच परतले. १९४६ साली पुण्यात त्यांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली. आजची आघारकर संशोधन संस्था ती हीच. आपल्या भागातल्या वाचकांसाठी हा लेख सगळ्यात जवळचा ठरेल असं मला वाटतं.

गुजरातीतही एक मोठा माणूस आहे, कच्छचे जयकृष्ण इंद्रजी. औपचारिक शिक्षण बेताचं. पोरबंदर संस्थानात वनांचं काम पाहताना बरडा डोंगराच्या वनस्पतींवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला, तोही गुजरातीत. १९१० साली तो निघाला. इंग्रजीत किंवा लॅटिनमध्ये असता तर तुमच्या पाठ्यपुस्तकात त्यांचं नाव असतं.

आता हा सगळा हिशोब 'आपले विरुद्ध परके' असा मांडू नका, असं मी आग्रहाने सांगेन. फादर सांतापाव यांना कुठे घालाल? जन्म स्पेनमधला, पण आयुष्य मुंबईत, नागरिकत्व भारताचं. खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा १९५३ सालचा ग्रंथ घेऊन आजही पोरं बोरघाटात उतरतात. भारतीय विद्यार्थ्यांची एक अख्खी पिढी त्यांनी घडवली. लिनियस आणि हुकर हेही थोरच होते, त्यांना यादीतून काढायचं कारण नाही. त्यांच्या शेजारी जागा करायची आहे.

कुणाला किती जागा द्यायची, हे तुमच्या अंकाच्या वाचकावर आणि तुमच्या हाती लागणाऱ्या कागदांवर अवलंबून आहे. कॉलेज मुंबईत असेल तर ब्लॅटर हर्बेरियम, पुण्यात असेल तर बॉटॅनिकल सर्व्हे किंवा आघारकर संस्था. विभागप्रमुखांचं पत्र घेऊन, कोणत्या जातीच्या शीट पाहायच्या ते आधी कळवून गेलात तर सहसा अडचण येत नाही. लांब असाल तर बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या संकेतस्थळावर कुक, वाइट, ऱ्हीड यांचे मूळ ग्रंथ फुकट वाचता येतात, आणि क्यू व एडिनबराच्या शीटची छायाचित्रंही ऑनलाइन आहेत. चरित्राच्या तयार लेखांपेक्षा मूळ ग्रंथाची प्रस्तावना आधी वाचा. कुणी मदत केली ते लेखक तिथेच सांगतो.

शीट वाचताना लेबलवर चार गोष्टी पाहायच्या: गोळा करणाऱ्याचं नाव, त्याचा क्रमांक, तारीख आणि ठिकाण. एकाच माणसाचे क्रमांक तारखेप्रमाणे लावले की त्याचा प्रवास उलगडतो. नंतरच्या अभ्यासकांनी डकवलेल्या छोट्या चिठ्ठ्याही सोडू नका. ओळख कुणी, कधी दुरुस्त केली ते त्यांवर असतं. गावांची स्पेलिंग जुनी असतात आणि सरळ वाचली तर फसवतात. ठिकाण लागत नसेल तर त्या जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर आणि तालुक्याचा नकाशा शेजारी ठेवून, त्याच दिवशीच्या आधीच्या व नंतरच्या क्रमांकांची ठिकाणं जुळवून पाहा. बहुतेक वेळा गाव सापडतं.